कमरपट्टीतलं शिसं

आमच्या शेजारच्या दारातल्या भाऊंचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची वजनं करण्यात गेलं. शहर संपून गोदामं सुरू होतात तिथे ट्रक तोलायचा काटा आहे. जमिनीत बसवलेली लांबलचक लोखंडी पाटी, तिच्या बाजूला काचेची खोली, आणि त्या खोलीतल्या खुर्चीच्या दोन्ही हातांवरून उतू जाणारे आमचे भाऊ. भरलेला ट्रक पाटीवर चढला की आकडा वाचायचा, रिकामा होऊन परत आला की पुन्हा वाचायचा, मधला फरक म्हणजे माल. चिठ्ठी छापायची, शिक्का मारायचा, पुढचा ट्रक. सव्वीस वर्षं हेच.

ट्रकवाले काही भोळे नसतात. कोणी पाण्याची टाकी काठोकाठ भरून आणतो, कोणी सीटखाली दगड ठेवतो, कोणी मागचं चाक चार बोटं पाटीच्या बाहेर उभं करतो. एकाने तर स्वतःच्या मेव्हण्याला सीटमागे पोत्याखाली झोपवून आणलं होतं. भाऊ खोलीतून उतरले, ट्रकला सावकाश एक फेरी मारली आणि पोत्याला म्हणाले, "उठा पाहुणे, तुमचे ब्याऐंशी किलो होतात." उतरल्यावर मोजलं तर एक्क्याऐंशी भरले. एक किलो कमी का भरला याचं भाऊंना आठवडाभर वाईट वाटत होतं.

स्वतः मात्र ते त्या दिवसांत कधी कुठल्या काट्यावर उभे राहिले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, आमच्या काट्यावर वीस किलोच्या खालचं दिसत नाही. मी म्हटलं, मग तुमचं दिसायला काहीच अडचण नाही. हसले. भाऊंना हसवणं सोपं होतं, आधी पोट हलायचं, मग चेहरा.

मी शिंपीण. पुढच्या खोलीत माझं मशीन आहे, दारावर पाटी आहे, आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येकाच्या कमरेचा घेर माझ्या वहीत तारखेसकट आहे. कोण कधी सुटलं आणि कोण कुणासाठी बारीक झालं, हे मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळतं. साठ इंची टेप भाऊंच्या कमरेला गुंडाळली की आठ इंच उरायची. त्या आठ इंचांवर मी बिल्डिंगभर विनोद केलेत, आणि भाऊंनी ते स्वतः पुढे सांगितलेत.

माझ्या पोटात काही राहत नाही, ही माझी ख्याती. जिन्यात मला सांगितलेली गोष्ट माझ्याआधी गच्चीवर पोचते. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे मी चांगला महिनाभर एक गोष्ट पोटात ठेवली, आणि नेमकी तीच ठेवायची नव्हती.

भाऊंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शाळेत गणित शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी फळ्यावर लिहिता लिहिता त्यांच्या हातातला खडू पडला आणि उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण शब्द आता रांगेत उभे राहून एकेक करून बाहेर येतात. विनोद मात्र शाबूत आहे, फक्त पोचायला वेळ लागतो.

रोज सकाळी सातला भाऊ त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवतात. त्याची एक पद्धत आहे. भाऊ वाकतात, वहिनी डावा हात त्यांच्या मानेभोवती टाकतात, भाऊ त्यांच्या पाठीमागे स्वतःची बोटं एकमेकांत अडकवतात, आणि मोजतात त्या, हे मात्र ठरलेलं. एक, दोन, तीन. तीनला दोघं उठतात.

गेल्या वर्षी एकदा तीन झालं आणि भाऊंचा गुडघा उठलाच नाही. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. पाऊण तासाने मी दूध द्यायला दार उघडलं, तर दोघं जमिनीवर. भाऊ खाली पसरलेले, वहिनी त्यांच्या पोटावर रेलून बसलेल्या. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "गादी... चांगली आहे." मी हसले, आणि घरी येऊन बराच वेळ मशीनवर नुसती बसून राहिले.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही गुडघे बदलावे लागतील, पण एकशे एकतीस किलोच्या माणसाला मी टेबलावर घेणार नाही, आधी शंभराच्या खाली या. भाऊंनी सगळं करून पाहिलं. उकडलेलं खाल्लं, उपाशी राहिले, काट्यापर्यंत चालत गेले. दोन किलो उतरायचे, तीन चढायचे. मधे एकदा ते वहिनींना घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणारी एक संस्था बघून आले. स्वच्छ होती, बायकाही प्रेमळ होत्या. एका लांब खोलीत आठ खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडलेल्या. संध्याकाळी वहिनी फक्त एवढंच म्हणाल्या, की तिथलं घड्याळ बंद होतं.

म्हणजे हिशेब साधा होता आणि तो त्या घरात तिघांनाही पाठ होता, मीही त्यात आले. शंभराच्या खाली गेलं तर गुडघे होतील, आणि गुडघे झाले तर वहिनी घरात राहतील.

इस्पितळाच्याच एका भिंतीवर भाऊंना ती सूचना दिसली. लठ्ठपणावरच्या नव्या औषधाची चाचणी, माणसं हवी आहेत. भाऊंनी संमतीपत्राची अठरा पानं घरी आणून चष्मा लावून वाचली आणि अकराव्या पानावरची छपाईची चूक दाखवून आले. मग मला समजावलं. जेवल्यावर आतड्यातून एक हार्मोन निघतो, तो मेंदूला निरोप देतो की बस, पोट भरलं. माझ्याकडे हा निरोप पोचत नाही, किंवा पोचला तरी मेंदू दार उघडत नाही. त्या निरोपाची नक्कल या लोकांनी बनवली आहे, ती आठवड्यातून एकदा पोटाला टोचून घ्यायची. मी म्हटलं, मला सांगायचंत, मी रोज जिन्यातून ओरडून निरोप दिला असता.

यात एक मेख होती. अर्ध्या लोकांना खरं औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी, आणि कोणाला काय ते संगणकाने ठरवलेलं. टोचून घेणाऱ्याला माहीत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही नाही. दुसरा कोणी यावर चिडला असता, पण भाऊ खूश झाले. काटा असाच हवा म्हणाले, मोजणाऱ्याला माल कोणाचा ते कळताच कामा नये. तिथे त्यांना नावही नव्हतं, एकशे चौदा नंबर एवढीच ओळख.

दर दोन आठवड्यांनी जायचं, वजन, रक्त, कमरेचं माप. औषधाची टोचायची पेनं घरी फ्रिजमध्ये, लोण्याच्या कप्प्यात. आणि एक निळी वही, तिच्यात रोज लिहायचं. मळमळ झाली का, उलटी झाली का, पोट दुखलं का, चक्कर आली का. हो किंवा नाही, हो असेल तर किती वेळा.

पहिल्या सहा आठवड्यांत दीड किलो उतरलं. तेवढं तर माणूस केस कापूनही उतरवतो. मी म्हटलं, भाऊ, तुम्हाला पाणी टोचतायत. ते हसले नाहीत. तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं, की या गोष्टीवर आता विनोद चालणार नाही. अर्थात त्यानंतरही मी केलेच.

दर महिन्याला डोस वाढत होता. नवव्या आठवड्यात एका सकाळी भाऊ माझ्या दारात आले, चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत आनंद मावत नव्हता. "ताई, दोनदा उलटी झाली," म्हणाले, "औषध खरं आहे." उलटी झाली म्हणून हरखलेला माणूस मी पहिल्यांदा बघत होते. आत वहिनींनाही त्यांनी तसंच सांगितलं असणार, कारण पलीकडून त्यांचा आवाज आला, "अभि... नंदन."

मग आकडा घसरायला लागला. एकशे पंचवीस. एकशे वीस. माझ्या वहीत बावन्न इंचांचे एकोणपन्नास झाले, मग सत्तेचाळीस. दर तीन आठवड्यांनी पँट घेऊन यायचे, मी बाजूची शिवण उसवून आत घ्यायचे. टेप जास्त उरायला लागली आणि माझे विनोद कमी पडायला लागले. बिल्डिंगमधले लोक जिन्यात त्यांना थांबवून विचारायचे, काय करता हो. भाऊ लाजायचे. सव्वीस वर्षांत या माणसाला त्याच्या अंगाबद्दल कोणी चांगलं बोललं नव्हतं, त्यामुळे काय करायचं ते त्यांना कळायचं नाही.

पण टेप धरणाऱ्या बाईला नुसता घेर दिसत नाही. सोळाव्या आठवड्यात मी त्यांच्या शर्टाचं माप घेत होते आणि दंडाला हात लागला. दंड राहिलाच नव्हता. कातडी होती, आत काहीतरी सैल. खांद्याचं हाड वर आलेलं. चरबी उतरताना ती एकटी उतरत नाही, मांसही घेऊन जाते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, टेपने सांगितलं.

मी विचारलं, जेवता का. म्हणाले, हो. काय जेवता. अर्धं अंडं. कधी. काल.

वहीत काय लिहिता, असं विचारल्यावर ते टेपकडे बघायला लागले. वहीत ते रोज चारही रकान्यांत 'नाही' लिहीत होते. पहिल्या उलटीची तेवढी नोंद होती, नंतर सगळं कोरं आणि निरोगी. कारण तिथल्या सिस्टरने एकदा सहज नियम सांगितला होता. उलट्या थांबत नसतील तर डोस कमी करतात, आणि दोन भेटींच्या मधे चार किलोंपेक्षा जास्त उतरलं तर इंजेक्शन बंद करून आधी तपासतात. बाकावर त्यांच्या शेजारी बसणाऱ्या एकशे नऊ नंबरचं बंद झालं होतं. त्यांचं पुन्हा सुरू झालंच नाही.

अठराव्या आठवड्याच्या भेटीच्या आधी भाऊ करडी पँट घेऊन आले. काट्याजवळ एक भंगारवाला आहे, त्याच्याकडे पत्रे तोलायचा लहान काटा आहे, त्यावर ते आता रोज उभे राहत. त्यामुळे त्यांना माहीत होतं की या वेळी चार किलोंच्या वर उतरलंय. मला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. म्हणाले, पँट नीट पडत नाही, हलकी वाटते, तुम्ही पडद्यांच्या तळाला घालता तसं काही कमरपट्टीत घालता येईल का.

पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून खालच्या दुमडीत मी शिशाच्या पट्ट्या घालते, बोटभर लांब, चपट्या. त्यांची पेटी मशीनखालीच असते. मी भाऊंकडे बघितलं, भाऊंनी भिंतीवरच्या बटणांच्या बरण्यांकडे बघितलं. मला सगळं कळलं. आणि मी हसले. खरं सांगते, मला गंमत वाटली. ज्याने मेव्हण्याला पोत्याखालून उठवलं, तो माणूस आता स्वतःच्या कमरेत मेव्हणा घालून चाललाय, असं मी म्हटलं. भाऊ कसंनुसं हसले आणि म्हणाले, "कोणाला बोलू नका ताई. शंभर झाले की मीच काढून टाकेन."

कमरपट्टी उसवून आत अस्तराची दुहेरी खोळ केली, तीत पट्ट्या ओळीने टाचल्या, वरून बारीक टीप मारली. दीड किलो. बाहेरून शपथ घेतली तरी कळलं नसतं. माझं आजवरचं सगळ्यात सफाईचं काम ते.

तिथल्या काट्याने सव्वाचारऐवजी पावणेतीन किलोच घट दाखवली. सिस्टर म्हणाली, छान चाललंय.

पण एकदा शिसं घातलं की ते काढता येत नाही, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं, आणि त्यातल्या एकाचा तर वजनं करण्याचाच धंदा. काढलं तर आकडा एकदम कोसळणार. उलट पुढच्या वेळी आणखी घालावं लागणार. विसाव्या आठवड्यात मी अर्धा किलो वाढवलं, आणि वर भाऊ दारातूनच एक बाटली पाणी पिऊन गेले. तोपर्यंत त्यांच्या पोटात बरगडीखाली दुखायला लागलं होतं. दुखणं उजवीकडून निघून पाठीत जायचं. काट्याच्या खोलीत ते टेबलावर कपाळ टेकून बसतात, असं एक ट्रकवाला माझ्याकडे सीटचं कव्हर शिवायला आला तेव्हा सांगून गेला. भाऊंनी चिठ्ठी चुकीची दिली का, असं मी विचारलं. नाही म्हणाला, चिठ्ठी बरोबर असते, माणूस बरोबर दिसत नाही.

मला झोप लागेना. मशीनवर बसलं की पायडल मारायच्या आधी कान पलीकडे. आमच्या आणि त्यांच्या न्हाणीघराची भिंत एकच आहे. सकाळी नळ मोठा सोडल्याचा आवाज यायचा, त्याखाली दबलेला उलटीचा, आणि बादली भरल्याचा यायचाच नाही. जिन्यात बायका विचारायच्या, काय ग, तुझ्याकडे काही नवीन नाही का. नाही म्हणायचे मी. त्यांनाही काळजी वाटायला लागली, मला बरं आहे ना म्हणून.

एकविसाव्या आठवड्यात सकाळी सातला पलीकडून वहिनींचं मोजणं ऐकू आलं. एक. दोन. तीन. मग काहीच नाही. मग पुन्हा एक, दोन, तीन. तिसऱ्यांदा एक ऐकल्यावर मी किल्ली घेऊन धावले. गुडघा उठला होता, या वेळी हात सुटले होते. वहिनी पलंगाच्या कडेवरून अर्ध्या घसरलेल्या, भाऊ त्यांना खालून नुसते टेकवून धरून उभे. मी दुसऱ्या बाजूने धरलं. बसवलं खुर्चीत. भाऊ न्हाणीघरात गेले आणि नळ सुरू झाला.

वहिनींनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं आणि ओठ हलवायला लागल्या. मला वाटलं काही सांगतायत. त्या मोजत होत्या. नळ बंद झाला तेव्हा म्हणाल्या, "दोनशे... चाळीस." श्वास घेतला. "महिन्यापूर्वी... साठ होते."

रोज पडल्या पडल्या त्या नळ मोजत होत्या. मला वाटत होतं की गुपित मी सांभाळतेय.

"शिसं... तूच शिवलंस ना," त्या म्हणाल्या. पँट खुर्चीवर पडली की जड आवाज करायची, तोही त्यांनी ऐकला होता. मी मान खाली घातली. त्यांनी रागावल्याचं काही दाखवलं नाही. बराच वेळ शब्द गोळा केले आणि मग म्हणाल्या, "मला... गुडघे नकोत. तो... हवा."

त्यांनी 'ते' म्हटलं नाही. सदतीस वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याला एकेरीत बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या. कदाचित लहान शब्द लवकर येतो म्हणून असेल.

बाविसाव्या आठवड्याची भेट गुरुवारी होती. बुधवारी दुपारी भाऊ पँट देऊन गेले, कंबर आणखी दीड इंच आत घ्यायला. भंगारवाल्याच्या काट्यावर एकशे अडीच भरले होते, म्हणजे शंभरापर्यंत अडीच किलो बाकी. जाताना दारात थांबून म्हणाले, ताई, एक शेवटची भेट, मग हाडांच्या डॉक्टरांकडे सरळ तारीख मागायची. बोलताना एक हात बरगडीखाली होता.

मी पँट उलटी केली, टीप उसवली आणि पट्ट्या एकेक करून बाहेर काढल्या. टेबलावर ठेवताना त्या टकटक वाजत होत्या. दोन किलो शिसं बघायला किती थोडं दिसतं. मग कंबर दीड इंच आत घेतली, इस्त्री केली, घडी घातली. तिथे जाऊन डॉक्टरीणबाईंच्या कानात सांगावं, एवढं माझं धाडस नव्हतं. ज्या तोंडाने बिल्डिंगची सगळी भांडणं लावली, ते या वेळी उघडेना. हातांनाच काय ते करता आलं.

आणि घडी घातल्यावर आठवलं की पँट घेणारा माणूस कोण आहे. जो नुसता हातात पिशवी धरून दहा ग्रॅमचा फरक सांगतो, त्याला दोन किलो कळणार नाहीत होय?

गुरुवारी सकाळी ते आले. मी पँट पुढे केली. भाऊंनी दोन्ही हातांवर घेतली आणि हात तिथेच थांबले. खाली गेले नाहीत, वर आले नाहीत. त्यांनी पँटकडे बघितलं, मग टेबलावर, जिथे पट्ट्यांची पेटी उघडी होती. मग माझ्याकडे.

"कालच काढलंत?" त्यांनी विचारलं.

"काल," मी म्हटलं. "वहिनी नळ मोजतात, भाऊ. दोनशे चाळीसपर्यंत जातो."

पेटी हाताच्या अंतरावर होती. त्यांनी म्हटलं असतं तर मी पुन्हा शिवून दिलं असतं का, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. पण ते काही म्हणाले नाहीत. पँट काखेत घेऊन घरी गेले आणि दहा मिनिटांनी ती घालून बाहेर आले. पाणी न पिता.

मी बरोबर गेले, कारण त्यांना बसमध्ये उभं राहवत नव्हतं. इस्पितळाच्या मागच्या बाजूला तळमजल्यावर ती चाचणीची जागा आहे, तीन खोल्या आणि एक बाक. मी बाकावर बसले. दार अर्धं उघडं होतं, आणि उघड्या दाराकडे पाठ करून बसायची मला सवय नाही. सिस्टरने भाऊंना काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, त्यांना उतरवलं, पुन्हा चढवलं. दुसऱ्यांदाही तोच. मागच्या वेळी एकशे सात पूर्णांक नऊ, आज एकशे दोन पूर्णांक चार. ती डॉक्टरीणबाईंना बोलावून आली. त्या तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या, आणि पहिली शंका त्यांनी काट्यावरच घेतली. मशीन बिघडलं असेल म्हणाल्या, तपासून घेऊ.

काट्यावर आळ आला, आणि मला वाटतं भाऊंना तेच सहन झालं नाही.

"मशीन बरोबर आहे," ते म्हणाले. "मागची दोन वजनं खोटी आहेत. कमरेत शिसं होतं. आणि निळ्या वहीतले 'नाही' आहेत ना, ते बहुतेक सगळे 'हो' आहेत. लिहून घ्या."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीच उठून आत गेले आणि म्हटलं, शिसं मी शिवलं. सिस्टरने दोघांकडे असं बघितलं, जणू आम्ही शाळेतून पळून आलोय.

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्ची ओढून भाऊंच्या समोर बसल्या आणि आधी कुठे दुखतं ते विचारलं, बोटांनी दाबून बघितलं. बरगडीखाली दाबल्यावर भाऊंचा श्वास अडकला. मग त्यांनी हळू आवाजात एवढंच सांगितलं, की तुमच्या वहीवरून फक्त तुमचा डोस ठरत नाही. हे औषध कोणाला किती सोसतं ते अजून कोणालाच माहीत नाही, म्हणून तर विचारतो. तुम्ही 'नाही' लिहिलंत की आम्ही पुढच्या माणसाला तोच डोस देतो.

भाऊंचा चेहरा तेव्हा उतरला. इंजेक्शन बंद होणार हे ऐकूनही उतरला नव्हता. म्हणाले, "म्हणजे माझ्या चिठ्ठीवर दुसऱ्याचा ट्रक भरत होता."

त्याच दिवशी पोटाची सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे, आणि पिशवीला सूज. वजन फार वेगाने उतरलं की असं होऊ शकतं, हे अठरा पानांतल्या सातव्या पानावर लिहिलेलं होतं. भाऊंना ते पाठ होतं, त्यांनीच मला नंतर सांगितलं. आणखी आठवडा गेला असता तर प्रकरण हाताबाहेर गेलं असतं, असं शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी सांगितलं. दोन दिवसांनी पोटाला चार बारीक भोकं पाडून ती पिशवी काढली. वहिनींना मी आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी मिळून उचललं ते पाच दिवस. वहिनी मोजायच्या, आम्ही उचलायचो, आणि प्रत्येक वेळी आमच्यातली एक जण दोनलाच उठायची. त्या ती कोण हे बरोबर ओळखायच्या.

घरी आले तेव्हा भाऊ एकशे एक किलो होते. इंजेक्शन कायमचं बंद. भेटींना मात्र अजून जायचं, कारण बंद केल्यावर काय होतं तेही त्यांना लिहायचं आहे. चाचणी संपेपर्यंत त्यांना खरं मिळत होतं की पाणी, हेसुद्धा अधिकृतपणे कोणी सांगणार नाही. मी म्हटलं, पाण्याने एवढं होत असेल तर बिल्डिंगची टाकी बंद करायला हवी. पोटाला टाके होते, तरी हसले.

आता भूक परत आली आहे. तिसऱ्या आठवड्यात एकशे दोन, पाचव्यात एकशे तीन. भाऊ ताटाकडे असे बघतात, जणू त्यात कोणीतरी लपलंय. हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, शंभर तर हवेतच, पण या दंडांनी आणि या मांड्यांनी नवा गुडघाही उभा राहणार नाही, आधी अंगात ताकद आणा, तीन महिन्यांनी बघू. मग भाऊ रोज संध्याकाळी खुर्ची धरून उठतात आणि बसतात, हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन वर-खाली करतात. वहिनी मोजतात आणि चुकून एक आकडा गाळत नाहीत. तारीख अजून मिळालेली नाही. त्या संस्थेचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता तो अजून तिथेच आहे, कोणी काढलेला नाही आणि कोणी त्याच्याकडे बघत नाही.

परवा करडी पँट पुन्हा माझ्याकडे आली. आत घेऊ का सोडू, मी विचारलं. भाऊ म्हणाले, तुम्हीच ठरवा. मी अर्धा इंच सोडली आणि आत दोन इंच जादा कापडाची माया ठेवली, इकडे झालं तरी चालेल, तिकडे झालं तरी. हातात घेताना त्यांनी ती जरा तोलून बघितली. मी म्हटलं, काही नाही त्यात, कापडच आहे.

निळी वही ते आता माझ्यासमोर लिहितात. काल 'मळमळ'मध्ये 'हो, एकदा' असं लिहिलं. कशाने विचारलं तर म्हणाले, भीतीने झाली असेल. तसंही लिहू का? मी म्हटलं, लिहा. लिहिलं.

आणि सकाळी पलीकडे नळ सुटला की माझा पाय पायडलवरून उचलला जातो. मोजते. भिंतीपलीकडे वहिनीही मोजत असणार. आज अकरापर्यंत गेला आणि बंद झाला. अकरा म्हणजे फक्त दात घासणं. तरी मी वीसपर्यंत थांबले, मग मशीन सुरू केलं.